कल्पिताचं नाक

आजीच्या अस्थी आम्ही बोंबलांच्या रांगेत टांगल्या होत्या.

ह्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेवतात, आणि आमच्या दारात झाड नाही. वलांडी आहे. किनाऱ्यावर बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोऱ्यांवर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, सुकत लावायचे. ती वलांडी. आमची वलांडी पुतळाबाईची वलांडी म्हणून मढ गावभर ओळखली जायची, आणि पुतळाबाई म्हणजे आमची आजी. तर स्मशानातून मिळालेलं, लाल फडकं बांधलेलं मडकं तिच्याच वलांडीच्या शेवटच्या बांबूला लटकत होतं. शेजारी बोंबील, वर कावळे. आजी असती तर म्हणाली असती, मडकं जरा सावलीत सरकवा, उन्हाची जागा अडवू नका.

दोन हजार एकवीसचा एप्रिल संपत आला होता. दुसरी लाट. आजीला न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती स्ट्रेचर नको म्हणाली आणि चालत गेली. जाताना मागे वळून एवढंच म्हणाली, "दुपारी बोंबील उलटे करा रे." त्यानंतर आली ती मडक्यातून. पाठोपाठ पप्पा आणि आई दोघंही पॉझिटिव्ह निघाले आणि सेंटरला गेले. पप्पांचा वास गेला होता, हे त्यांना तिथलं जेवण आवडायला लागलं तेव्हा कळलं. ते दोघं बरे होऊन परत आले, पण पप्पांचा वास काही परत आला नाही. विसर्जन त्या दोघांसाठी थांबलं होतं.

मी आणि माझी बहीण कल्पिता निगेटिव्ह निघालो. मला आनंद झाला. कल्पिताला तो पुरावा अपुरा वाटला.

कल्पिता सोळा वर्षांची. त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली. वर्षभर अभ्यास केलेल्या पोरीसमोरून परीक्षाच उचलून नेली, तर ती दुसरी शोधणारच. तिने स्वतःवर खटला भरला. आरोप असा: लॉकडाऊन लागायच्या आधी ती मालाडला क्षमा नावाच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. क्षमाने केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या. फुंकलेल्या केकचा कोपऱ्यातला तुकडा कल्पिताने खाल्ला. घरी येऊन ती रोजच्यासारखी आजीच्या कुशीत झोपली. थोड्या दिवसांनी आजीला खोकला झाला. म्हणजे आजार घरात कल्पिताने आणला, स्वतःला काही न होता आणला, आणि आजी तिने मारली. सरकारी वकील तीच, न्यायाधीशही तीच. आरोपीला जाळ्यांच्या माळ्यावर कोंडलं, तेही तिनेच.

माळा म्हणजे आमच्या घराच्या वरचा पत्र्याखालचा पोटमाळा. जुनी जाळी, दोरखंड आणि बोये ठेवायची जागा. मेच्या तोंडावर तिथे अंडं ठेवलं तर उकडून निघेल. कल्पिता तिथे चटई टाकून राहायला लागली. जेवणाचा डबा दोरीने वर ओढायची आणि जवळजवळ तसाच खाली सोडायची.

"कल्पे, खाली ये."

"जवळ येऊ नको, दादा. लांबून बोल."

"अगं, टेस्ट निगेटिव्ह आलीय ना तुझी?"

"तीस टक्के टेस्ट चुकतात."

"मग सत्तर टक्के खाली ये."

ती हसली नाही. मी घरातला विनोदी माणूस आहे, माझ्या विनोदाला घरात कुणीच हसत नाही. पण ती निदान चप्पल तरी फेकायची. आता तेही बंद.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला झटके यायचे. अचानक श्वास पुरेनासा व्हायचा, बोटं आकडायची, ओठ पांढरे पडायचे. मी शिडीवर उभा राहून तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचो. अठ्ठ्याण्णव. ती म्हणायची मशीन बिघडलंय. माझ्या बोटाला लावलं तर सत्त्याण्णव. म्हणजे मी तिच्याहून जास्त मेलेलो. आई खालून विचारायची, "काय झालं रे?" आणि खोकायची. तो खोकला ऐकला की वर पुन्हा सुरू.

श्वासाच्या बाबतीत मात्र माझा उपयोग झाला, कारण मी धंद्याने प्रेत आहे. मढला बंगल्यांमधून मालिकांची शूटिंगं चालतात. त्यात खून होतात आणि खुनाला प्रेत लागतं. माझं अंग सडपातळ, चेहरा मुळात निर्विकार. त्यामुळे दिवाणखान्यात, बाथटबमध्ये, एकदा तर फ्रीजमध्येही मी पडलेलो आहे. प्रेताच्या कामात एकच कला असते: छाती हलू द्यायची नाही. श्वास पोटात घ्यायचा, हळू, थोडा थोडा, आणि त्याहून हळू सोडायचा. घाबरलेला माणूस छातीने श्वास घेतो, आणि छाती हलली की दिग्दर्शक ओरडतो.

"पोटावर हात ठेव," मी शिडीवरून सांगायचो. "हात वर गेला पाहिजे, छाती नाही. तुझा खून झालाय. कॅमेरा सुरू आहे."

"कोणी केला खून?"

"ते शेवटच्या भागात कळतं. तू फक्त पड."

ती पडायची. हळूहळू बोटं सुटायची. दहावीतली मुलगी, घामाने निथळत, जुन्या जाळ्यांवर प्रेत होऊन पडलेली, आणि मी खाली उभा राहून "छान, छान" म्हणतोय. कुणी पाहिलं असतं तर आम्हा दोघांनाही घेऊन गेले असते.

मग तिच्या शाळेने मुलांशी फोनवर बोलायला एक बाई नेमल्या. मृणालिनी मॅडम, विलेपार्ल्याच्या. आवाज इतका शांत, की आपण उगाचच माफी मागावी. मी त्यांना प्रेताच्या श्वासाबद्दल सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "अहो, मी हेच शिकवते मुलांना. फक्त मी त्याला प्रेत म्हणत नाही."

केकबद्दल कल्पिताने त्यांना सांगितलं. त्यांनी मधे न बोलता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळा, हा आजार कोणाकडून आला ते कळत नाही. तुलाही नाही, मलाही नाही. न कळणाऱ्या गोष्टीची शिक्षा आपण स्वतःला देऊ नये."

"हो मॅडम," कल्पिता म्हणाली. शाळेत 'हो मॅडम' म्हणतात तसं.

त्या दिवशी झटका फोनवरच आला. मॅडम घाबरल्या नाहीत. मी शिडीवर फोन धरून उभा होतो, स्पीकर चालू.

"कल्पिता, भीती वाटली की मन पुढे पळत सुटतं. आपण त्याला हाताला धरून परत खोलीत आणू या. मला आजूबाजूच्या पाच गोष्टी सांग. दिसतील त्या."

"जाळं," कल्पिता धापा टाकत म्हणाली. "दोरी. बोया. पत्रा. दादा."

माझा नंबर पत्र्यानंतर.

"छान. आता हाताला लागतील अशा चार."

"चटई. जाळ्याची गाठ. माझी वेणी. घाम."

"आणि तीन आवाज."

"कावळे. आईचा खोकला. ॲम्ब्युलन्स."

"बरं. आता दोन वास सांग."

कल्पिता नुसतीच हुंगत राहिली.

"कुठलेही दोन, बाळा. अगदी साधे."

कल्पिताने नाक वर केलं. डावीकडे, उजवीकडे. झरोक्याशी जाऊन बाहेर तोंड काढलं. झरोक्याच्या बरोबर खाली आमची वलांडी होती, हजारो बोंबील उन्हात लटकत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "एकही येत नाहीये."

मला आठवतं, मॅडमच्या फोनमागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. वास जाणं म्हणजे काय, हे तेव्हा पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं.

"दादा, बोंबील दे."

मी खाली जाऊन वलांडीवरचा एक बोंबील ओढून आणला. तिने तो नाकाशी धरला. मग नाकाला लावला. मग जवळजवळ नाकात घातला.

"नाही येत."

मी साबण दिला. साबणाचा आला. "पण तो आठवणीतला असेल," ती म्हणाली. "मला माहितीय ना की साबण आहे, मग डोकंच वास तयार करतं. जगात सगळ्यात जास्त वास कशाला येतो? ह्याला. हा आला पाहिजे. तू घेऊन बघ."

मी घेतला. मलाही काही आला नाही. 'येतोय ना' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मी म्हणालो, "च्यायला, मलाही नाही येत."

हे शेजारच्या वनमालाकाकीने ऐकलं. काकी आयुष्यभर बोंबील विकत आलेली बाई, तिने लगेच आपल्या वलांडीवरचा एक काढून हुंगला. तिलाही आला नाही. ती "मेले गो बाय!" असं ओरडत बाहेर आली. मग तिच्या नवऱ्याने हुंगला. मग पलीकडच्या कुंदाने, आणि कुंदाच्या दोन्ही पोरांनी. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खी गल्ली दारात उभी राहून, मास्क हनुवटीवर ओढून बोंबील हुंगत होती आणि कुणालाही कसलाच वास येत नव्हता. कुणी काढा उकळायला ठेवला. कुणी रडायला लागलं. एकाने देवाला नारळ बोलला. माळ्याच्या झरोक्यातून कल्पिता हे सगळं बघत होती. एवढ्या सगळ्यांना आपणच दिलं, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर मला खालून दिसत होता.

तेवढ्यात धम्मपाल आला. धम्मपाल वाकोल्याचा, शूटिंगला स्पॉटबॉय. मी मेलो की माझ्या अंगावर रक्त तोच लावायचा. शूटिंगं राज्याबाहेर गेल्यापासून तो औषधाच्या दुकानातून घरपोच माल पोचवायचा. आईची औषधं घेऊन आला होता. गल्लीच्या तोंडाशी बाइक लावली, हेल्मेट काढलं आणि दोन मास्कवरून नाक दाबलं.

"कोण मेलंय रे इथे?"

"आजी," मी म्हणालो.

त्याचा हात खाली आला. "सॉरी यार. तुझ्या आजीचं माहीत होतं मला. मी वासाचं बोलत होतो."

"कसला वास?"

"कसला म्हणजे? श्वास घेता येत नाहीये, साला. डोळ्यांतून पाणी येतंय."

गल्ली त्याच्याकडे वळली. वनमालाकाकी हातातला बोंबील त्याच्यासमोर नाचवत म्हणाली, "तुला वास येतो?"

"काकी, लांब धरा. प्लीज."

"ह्याला वास येतो!" काकी ओरडली. लोकांनी धम्मपालभोवती गर्दी केली, मग सहा फुटांचं आठवलं म्हणून ते मागे सरकले, मग परत पुढे आले. त्याला पाचसहा घरचे बोंबील हुंगायला लावले. सगळ्याच बोंबलांना वास येत होता. शेवटच्याला तो गटाराशी जाऊन ओकला, तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"अरे, तुम्ही जन्मल्यापासून ह्यातच आहात," तोंड पुसत तो म्हणाला. "नाकाने नोंद घेणंच सोडलंय. आमच्या वाकोल्याला डोक्यावरून विमानं जातात, पाहुणे दचकतात. आम्हाला कुठे ऐकू येतात?"

काढे खाली उतरले. लोक जेवायला गेले. कल्पिता झरोक्यातून म्हणाली, "म्हणजे धम्मपालदादाचं नाक चांगलं आहे. माझं सिद्ध झालं नाही."

"अगं, सगळ्यांचंच..."

"सगळ्यांचं सवयीने गेलं असेल. माझं आजाराने गेलं असेल तर? दोन्हीत फरक कसा करायचा? ह्या वासाच्या बाहेर जाऊन परत यायला पाहिजे. आला तर मला काही झालेलं नाही, म्हणजे मी आजीला दिलं नाही. नाही आला तर दिलं."

मी मृणालिनी मॅडमना फोन लावला. त्यांचं म्हणणं, वास येण्या-न येण्यावरून कुणी कुणाला आजार दिला हे ठरत नाही. तिला असं सिद्ध करायला लावू नका. "पण," त्या म्हणाल्या, "माळ्यावरून खाली येण्यासाठी तिने स्वतः काढलेला हा पहिलाच रस्ता आहे. तो बंदही करू नका. आणि एकटी सोडू नका."

बाहेर जायचं तर कुठे? रस्त्यावर पोलीस. 'बहिणीचं नाक ताजं करायला निघालोय' हे कारण परवान्यात बसत नव्हतं. उरला समुद्र. आणि मडकं तर लटकतच होतं.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते जाळं सांधत बसले होते. पप्पा म्हणजे अनंता, आजीचा एकुलता मुलगा. आजी गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलले नव्हते.

"माझ्या आयचं विसर्जन हाय की हिच्या नाकाची ट्रायल?"

"दोन्ही," मी म्हणालो. "डिझेल वाचेल."

पप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग झरोक्याकडे. "पोरीनं काय खाल्लं का आज?"

"नाही."

"मग सकाळी मतलईवर निघू," ते म्हणाले. मतलई म्हणजे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. "परत येताना वारा तोंडावर असेल. यायचा तर तवाच येईल तिला वास."

पहाटे कल्पिता माळ्यावरून उतरली. इतक्या दिवसांनी सपाट जमिनीवरही ती माळ्यावरच्यासारखीच वाकून चालत होती. दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल. होडीत ती सगळ्यात पुढे, नाळेवर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. पप्पा मधे, मांडीवर मडकं. मी मागे सुकाणूवर. पायाशी इंजिन आणि डिझेलचा कॅन. आईने किनाऱ्यावरून हात जोडले आणि खोकली.

खाडीतून बाहेर पडून बरंच आत गेलो. किनारा बारीक रेघेएवढा झाला तेव्हा पप्पांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं. होडी नुसती डुलत राहिली.

पप्पांनी लाल फडकं सोडलं आणि तसेच थांबले. कल्पिता वळून बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "ह्यात सगळी आजीच आहे ना? टीव्हीवर दाखवत होते, स्मशानात किती गर्दी..."

मी पाण्याकडे बघितलं. आमच्या तिघांच्याही मनात ते होतं, आणि ते तिने बोलायला नको होतं.

"नसली तरी चालंल," पप्पा म्हणाले. "दुसरा कोण असंल त्याचंबी होऊन जाईल. त्याला तरी कोण होतं तिथं?"

त्यांनी मडकं पाण्याला टेकवून कलतं केलं. राख पाण्यावर पसरली, थोडी वाऱ्याने परत येऊन पप्पांच्या बाहीवर बसली. ती त्यांनी झटकली नाही. "जा गो आय," म्हणाले. "बोंबील उलटे केलेत." नारळ सोडला. तो होडीला दोनदा आपटून मग गेला. कल्पिताचे खांदे हलत होते. मी बघत होतो की छाती हलतेय की पोट. पोट होतं. तिने हात पोटावर ठेवला होता.

नंतर बराच वेळ थांबलो, नाकासाठी. तिने ढाल काढली, मग मास्क. समुद्राकडे तोंड करून बसली. पप्पांनी बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला. तिने न बघता एक उचललं, मग दुसरं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं, जणू बघितलं तर ती थांबेल.

परत फिरलो. वारा समोरून, किनाऱ्याकडून येत होता. आधी देवळाचं टोक दिसलं, मग वलांड्या, कंगव्याच्या दातांसारख्या. कल्पिता नाळेवर उभी राहिली. एका हाताने दोरी धरलेली.

"शी!" ती म्हणाली.

पप्पा ताठ झाले.

"शी, शी, किती घाण! दादा! अरे, आपण ह्यात राहतो?" ती हसत होती, मग हसता हसता खाली बसली. "हा आजीच्या पदराचा वास आहे, दादा. मला कधीच आला नव्हता. अख्खा समुद्र भरून येतोय." आता ती रडत होती, जसं त्या ॲम्ब्युलन्सच्या दिवशी रडायला पाहिजे होतं. मग एकदम थांबली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता: वकील परत कोर्टात आला होता.

"थांब. हा आठवणीतला नाहीये ना? पप्पांचं नाक तर गेलंय. दादा, तुला येतोय का? खरं सांग."

मी नाक वर केलं. तोंडावर वारा लागत होता. थंड, ओला वारा. त्यात काही नव्हतं.

मी परत एक खोल श्वास घेतला. काही नाही. इंजिनवर वाकलो, जसं काही बघायचंय. डिझेलचा वास मला लहानपणापासून आवडतो, पप्पा म्हणायचे ह्याला दुधाऐवजी तोच पाजला असता. गरम इंजिनवर नाक नेलं. नुसती गरमी. तेव्हा आठवलं, रात्रीच्या कालवणाला चव नव्हती आणि मी आईला म्हणालो होतो की मीठ विसरलीस.

कल्पिता बघत होती. सोळा वर्षांची, दोन बिस्किटं खाल्लेली.

"येतोय ना," मी म्हणालो. "वाट लागली नाकाची."

तिने डोळे मिटले आणि नाळेवर आडवी झाली. मी हनुवटीवरचा मास्क वर ओढला. वारा पुढून मागे वाहत होता, माझ्यामागे फक्त पाणी. नशिबाने का होईना, मी बरोबर जागी बसलो होतो. आत छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं आणि मला प्रेताचा श्वास कसा घेतात ते आठवत नव्हतं. बाथटबमध्ये जमायचं. फ्रीजमध्ये जमायचं.

किनाऱ्याला लागताना होडी वाळूवर जोरात आपटली. पप्पा रिकामं फडकं खिशात घालून उतरले आणि आईच्या दिशेने चालू लागले. कल्पिता गुडघाभर पाण्यात उतरली.

"चल ना, दादा."

"तू हो पुढे. मी होडी धुऊन येतो."

"आत्ता?"

"आजी नेलीय होडीतून. धुवायला नको?"

ती वळली. चार पावलं गेली. मग थांबली, आणि नाक वर केलं, आता सवयच लागल्यासारखं. परत वळली.

"डिझेल कुठे सांडलंय?"

"कुठे काय?"

"केवढा वास येतोय." ती दोन पावलं जवळ आली आणि तिने बोट दाखवलं. मी खाली बघितलं. आपटल्यावर कॅन आडवा झाला होता. मी डिझेलच्या थारोळ्यात बसलो होतो. पँट मांडीपर्यंत भिजली होती, मला समुद्राचं पाणी वाटलं होतं.

ह्या डिझेलबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. हा वास आठवणीतला नव्हता. तिचं नाक सिद्ध झालं होतं, माझंही.

"मघाशी तू खोटं बोललास," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी तुलाही..." तिने सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. आता परत शिडी, परत माळा. तिचे ओठ पांढरे झाले. तिने पोटावर हात ठेवला. लाट आली, तिच्या गुडघ्यावर फुटली आणि गेली.

"कोणाकडून आला ते कळत नाही," ती हळूच म्हणाली. हे 'हो मॅडम'सारखं नव्हतं. ते तिने स्वतःलाच सांगितलं, एकेक शब्द पारखून. मग जरा मोठ्याने, "तू तिथेच थांब. माझ्याकडे मशीन आहे, मी दोरीने पाठवते. धम्मपालदादाला फोन करते. आईला मी सांगते, तू नको. तू सांगशील तर विनोद करशील."

"कल्पे," मी म्हणालो. पुढचं बोलता येईना. हाताची बोटं आकडत होती. हवा होती, सगळीकडे हवाच हवा होती, आत येत नव्हती. चालत गेलेली आजी दिसत होती.

"दादा, माझ्याकडे बघ. छाती हलतेय तुझी. कट. परत घे. पोटातून."

मी पोटातून घेतला. थोडा आला.

"आता पाच दिसणाऱ्या गोष्टी सांग."

"कल्पे, मी..."

"वासाचं नाही विचारणार. पाच वस्तू. चल."

ती पाण्यात उभी होती, माझ्यापासून दूर, ओढणीचं टोक भिजलेलं. मागे वलांडी, आणि शेवटच्या बांबूला मडक्याची सुटी दोरी.

"दोरी," मी म्हणालो. "बांबू. कावळा."

"हां. अजून."

मी श्वास घेतला. पप्पा आईपाशी पोचले होते आणि मागे वळून बघत होते.

"अजून एक कावळा."

तिने वळून बघितलं, नीट, डोळे बारीक करून.

"तोच आहे तो," ती म्हणाली. "परत मोजू नको. नीट बघ."